पर्मियनला रात्रीची वीज कुठून आणायची?

प्रश्न असा आला आहे: पश्चिम टेक्सासच्या पर्मियन खोऱ्यात तेल-वायूचं उत्पादन झपाट्याने वाढतंय आणि विजेची मागणी त्याहून झपाट्याने. अशा ठिकाणी पारेषणाचं नियोजन करतात तरी कसं? तेलाचा भाव कोसळला तर या लाइनी पांढरा हत्ती ठरणार नाहीत का? आणि आजूबाजूला एवढ्या पवनचक्क्या, एवढं ऊन असताना शेकडो मैलांवरून ७६५ केव्हीने (७ लाख ६५ हजार व्होल्टने) वीज कशाला ओढायची?

माझी नोकरीची सुरुवात महाराष्ट्रात झाली, गेली पंधरा-सोळा वर्षं टेक्सासमध्ये हेच काम करतो. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीच्या दोघांचं उत्तर त्यातच अडकलेलं आहे.

दुपारी मकेमी-फोर्ट स्टॉकटनच्या बाजूने गाडी चालवली तर कुणालाही वाटेल, इथं विजेचा सुकाळ आहे. टेकड्यांवर पवनचक्क्या, खाली मैलोन् मैल सौर पॅनेल. हा भाग वर्षानुवर्षं वीज बाहेर पाठवणारा म्हणूनच ओळखला गेला. २०१४ च्या सुरुवातीपर्यंत पूर्ण झालेल्या क्रेझ (पवनवीज बाहेर नेण्याच्या) योजनेत राज्याने सुमारे ३,६०० मैल ३४५ केव्ही लाइनी बांधल्या, जवळपास ७ अब्ज डॉलर खर्चून, त्या पश्चिमेचा वारा डॅलस, ऑस्टिन, सॅन अँटोनियोकडे नेण्यासाठी. आम्ही सगळे त्या काळात एकच प्रश्न सोडवत होतो: पश्चिमेकडून जास्तीत जास्त किती मेगावॅट बाहेर काढता येतील?

आता तीच जागा रात्री बघा. सूर्य मावळला की सौरवीज शून्य. वारा बहुतेक रात्री असतो, पण ऑगस्टमधल्या काही रात्री असा पडतो की पानही हलत नाही. पंप मात्र चालूच. तेलक्षेत्राच्या लोडला, म्हणजे विजेच्या मागणीला, ना दुपार कळते ना मध्यरात्र, ना रविवार. शहराचा लोड रात्री दोनला निम्म्यावर येतो, इथला आलेख रुळासारखा सपाट. म्हणजे दुपारी जी वीज बाहेर ढकलायची, तेवढीच किंवा जास्त रात्री आत ओढायची. इथल्या नियोजनाची खरी परीक्षा उन्हाळ्यातल्या दुपारी पाचला होत नाही. ती होते सूर्यास्तानंतर, वारा नसताना. हे लक्षात यायला आमच्या क्षेत्राला बरीच वर्षं लागली, कारण अभ्यासाचे सगळे साचे राज्याच्या कमाल मागणीच्या तासाला बांधलेले होते.

बॅटऱ्या? एर्कॉटमधल्या (टेक्सासचं बहुतेक वीजजाळं चालवणारी संस्था) बहुतेक बॅटऱ्या तास-दोन तास चालणाऱ्या आहेत. संध्याकाळचा खड्डा त्या छान भरतात. दहा तासांची रात्र नाही. मग तिथल्या तिथे गॅसवर वीजघर का नको, असं लोक विचारतात, आणि विचारणं बरोबर आहे. काही होतीलही. पण टेक्सासच्या बाजारव्यवस्थेत कुणाला ‘इथं वीजघर बांध’ असा हुकूम देता येत नाही; बांधायचं की नाही हे गुंतवणूकदार ठरवतो. आमच्या हातात फक्त तारा आणि मनोरे. ज्याच्यावर आपला ताबा नाही ते येईल असं धरून बसणं म्हणजे नियोजन नव्हे.

आता मागणीच्या अंदाजाकडे येतो. सगळ्यात जास्त चुका इथेच झाल्या, माझ्याही.

नेहमीची पद्धत अशी: ग्राहक अर्ज करतो, करारावर सही करतो, अनामत भरतो, मग तो लोड अभ्यासात धरायचा. शहरात हे चालतं. तेलक्षेत्रात एक विहीर खणायला दोनेक आठवडे लागतात आणि पॅडवरचं (विहिरींसाठी तयार केलेल्या जागेवरचं) पहिलं काम सुरू झाल्यापासून साधारण सहा महिन्यांत तेल विकायला लागतं. लाइनीला अभ्यास, एर्कॉटची छाननी, पीयूसीचा (राज्याच्या वीज-नियामक आयोगाचा) परवाना, जमीन, बांधकाम मिळून चार ते सहा वर्षं. तेल कंपनीला स्वतःलाच सहा महिन्यांपलीकडचं नक्की माहीत नसतं. माहीत असलं तरी शेजारच्या ब्लॉकवाल्याला कळेल म्हणून ती सांगत नाही. त्यामुळे सही झालेला लोड धरून आखलेली लाइन पूर्ण होते त्या दिवशीच भरलेली असते. मी एका ग्राहकाचा दहा मेगावॅटचा अर्ज तपासला होता. सबस्टेशन उभं राहीपर्यंत तो चाळीसवर पोचला होता आणि मधली दोन वर्षं भाड्याचे जनरेटर लावून बसला होता. त्याची चूक नव्हती. आमच्या साच्याची होती.

मग अंदाज कशावरून बांधायचा? खडकावरून. कोणत्या थरात किती तेल उरलंय, कुठल्या भावाला ते काढणं परवडतं, एका सेक्शनमध्ये (जमिनीच्या एका चौरस मैलात) किती विहिरी बसतात, प्रत्येक विहिरीमागे किती पाणी येणार, किती वायू दाबावा लागणार. यातून मेगावॅट काढता येतात. पारेषण कंपन्यांनी एस अँड पी ग्लोबलकडून असाच तळापासून वर बांधलेला अंदाज करून घेतला. पण अडचण कायद्याची होती: सही नसलेला लोड ‘पुराव्याअभावी’ गळायचा. २०२३ मध्ये टेक्सास विधिमंडळाने हाऊस बिल ५०६६ मंजूर करून ती गाठ सोडवली. पर्मियनसाठी वेगळा विश्वसनीयता आराखडा करा, आणि करार झालेला नसला तरी पारेषण कंपनीला दिसणारी मागणी विचारात घ्या, असा त्याचा अर्थ. जुलै २०२४ मध्ये एर्कॉटने आराखडा सादर केला, सप्टेंबरमध्ये पीयूसीने तो मान्य केला.

आकडा बघून मीही दोनदा चष्मा पुसला होता. २०३८ पर्यंत या एका खोऱ्यात सुमारे २६,४०० मेगावॅट. एर्कॉटचा ऑगस्ट २०२३ चा गाजलेला उच्चांक ८५,५०८ मेगावॅट होता, म्हणजे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं एका कोपऱ्यात. मिडलंड आणि ओडेसा मिळून वस्ती साडेतीन लाखांच्या घरात. पलीकडच्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं मोजली होती. महाराष्ट्राची उन्हाळ्यातली कमाल मागणी तीस हजार मेगावॅटच्या आसपास जाते, आणि तिथं बारा-तेरा कोटी लोक आहेत.

या २६ हजारांत तेल-वायूचे १४-१५ हजार, बाकी डेटा सेंटर, क्रिप्टो, हायड्रोजन वगैरे. पहिल्या आकड्यावर माझा विश्वास आहे. दुसऱ्यावर कमी. खडक कुठे पळून जात नाही. डेटा सेंटरवाला तोच अर्ज चार ठिकाणी टाकून बसलेला असतो. २०२५ च्या सिनेट बिल ६ ने ७५ मेगावॅट आणि त्यावरच्या ग्राहकांना निदान एक लाख डॉलर अभ्यास शुल्क आणि खरेपणाचे पुरावे मागायला सुरुवात केली, ते बरं झालं.

आता भाव कोसळण्याचा प्रश्न. २० एप्रिल २०२० ला डब्ल्यूटीआय (अमेरिकी भावाचा मापदंड) तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला होता. त्या आठवड्यात मला तीन जणांनी फोन करून विचारलं, आता प्रकल्प रद्द ना? लोक इथं एक गोष्ट विसरतात. भाव पडला की थांबतं ते खणणं. आणि वीज खणण्याला लागतच नाही फारशी; बहुतेक रिग अजून डिझेलवर किंवा गॅसवर असतात. वीज लागते ती खणून झालेल्या विहिरीला, रोज. सुरुवातीला तेल आपल्या दाबाने वर येतं. दाब उतरला की सबमर्सिबल पंप टाकतात किंवा वायू दाबून तेल उचलतात, शेवटी तो डोकं हलवणारा घोडापंप. डेलावेअरच्या, म्हणजे खोऱ्याच्या पश्चिम भागाच्या, बाजूला तेलाच्या एका पिंपामागे तीन ते पाच पिंपं खारं पाणी येतं. ते पाणी नळाने वाहून पुन्हा जमिनीत दाबायचं, त्याला पंप. वायू गोळा करून दाबायचा, त्याला कॉम्प्रेसर. विहीर म्हातारी होते तसं तेल कमी आणि पाणी जास्त, म्हणजे एका पिंपामागे लागणारी वीज वाढत जाते. त्यात भर अशी की पूर्वी हे कॉम्प्रेसर गॅस इंजिनांवर चालायचे. धुराचे नियम आणि देखभालीचा खर्च बघून कंपन्या ते विजेवर आणतायत. उत्पादन जागच्या जागी राहिलं तरी लोड वाढतो. २०२० मध्ये वाढीचा वेग मंदावला, पण माझ्या पडद्यावरचा पर्मियनचा आलेख कधी तळाला गेला नाही.

तेव्हा पांढरा हत्ती होण्याची भीती मला तेलाकडून कमी आणि क्रिप्टोकडून जास्त वाटते.

स्थानिक जाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बातम्यांत सगळं ७६५ चंच चालतं. या भागातलं जुनं जाळं ६९ आणि १३८ केव्हीचं, शेतीपंप आणि छोट्या गावांसाठी ओढलेलं. उदाहरण म्हणून कल्बरसन लूप घ्या: १३८ केव्हीची लांबलचक माळ, दोन्ही टोकांकडून पोसलेली. एक टोक उघडलं की सगळा लोड दुसऱ्या टोकावर, आणि मधल्या सबस्टेशनचं व्होल्टेज ढासळायला लागतं. तारेची क्षमता शिल्लक असते, व्होल्टेज नसतं. २०१७ मध्ये एर्कॉटने फार वेस्ट टेक्सास प्रकल्प मंजूर करून ओडेसा-रिव्हरटन आणि बेकर्सफील्ड-सोल्स्टिस अशा ३४५ केव्ही लाइनी तिथं आणल्या, लगेच पुढच्या वर्षी दुसरा टप्पा मंजूर करावा लागला.

व्होल्टेज ढासळणं म्हणजे काय, ते मी मेंटोनच्या बाजूला एका गॅस प्लांटमध्ये उभं राहून पाहिलंय. लांब कुठेतरी वीज पडली, फॉल्ट (लाइनीवरचा बिघाड) सहा सायकलमध्ये सुटला. दहावा भाग सेकंद. कंट्रोल रूममधले दिवे नुसते मिचकावले. पण बाहेरच्या मोठ्या कॉम्प्रेसरचा आवाज बदलला, जड झाला, आणि एकामागून एक तीन मोटरी बंद. मग त्या शांततेत फ्लेअरचा (जादा वायू जाळायच्या चिमणीचा) भडका उडाला, कारण येणारा वायू थांबत नाही. त्याच वेळी आसपासच्या विहिरींतले सबमर्सिबल पंपही थांबलेले. पंप थांबला की नळीतली वाळू खाली बसते, पुन्हा चालू करताना पंप अडकायची भीती; एक पंप बाहेर काढायचा म्हणजे वर्कओव्हर रिग आणि काही दिवस. तंत्रज्ञ दीड तास गाडी चालवून एकेक विहीर सुरू करत फिरतो. आमच्या निकषांच्या भाषेत त्या रात्री काहीच घडलं नव्हतं, एकही लाइन ओव्हरलोड नव्हती. तेव्हापासून मी नुसत्या लोड-फ्लोवर (स्थिर स्थितीत कुठल्या तारेतून किती वीज जाते त्या हिशेबावर) सही करत नाही. मोटरींचं खरं प्रमाण घालून डायनॅमिक अभ्यास (धक्क्यानंतरच्या क्षणांचा) हवाच.

इन्व्हर्टरचीही (सौरवीज जाळ्यात सोडणाऱ्या उपकरणांची) तीच गत. ९ मे २०२१ आणि पुन्हा ४ जून २०२२ ला ओडेसाजवळ साध्या फॉल्टनंतर दूरदूरचे सौर प्रकल्प आपणहून मागे हटले, पहिल्या वेळी अकराशे मेगावॅटच्या वर, दुसऱ्या वेळी सतराशेच्या. फिरणारी मोठी जनित्रं जवळ नाहीत, म्हणून जाळं कमजोर. त्यावर उपाय म्हणून पश्चिमेत ३५० मेगाव्हारचे (व्होल्टेज सावरणाऱ्या विजेचं माप) सहा सिंक्रोनस कंडेन्सर मंजूर झाले. म्हणजे इंधनाशिवाय नुसतं फिरणारं जडशीळ यंत्र, व्होल्टेज धरून ठेवायला. जुन्या पिढीचे इंजिनियर यावर मिशीत हसले असतील.

फेब्रुवारी २०२१ चा विषय टाळता येत नाही. बर्फात वीजघरं बंद पडली, पहाटे दोनच्या सुमारास फ्रिक्वेन्सी नेहमीच्या ६० हर्ट्झऐवजी ५९.४ च्या खाली चार मिनिटांहून जास्त राहिली, एर्कॉटने २० हजार मेगावॅटपर्यंत लोड कापला. त्या कापाकापीत काही गॅस कॉम्प्रेसर आणि प्लांट यांची वीजही गेली, कारण ‘अत्यावश्यक’ यादीत त्यांची नावंच नव्हती. वीज नाही म्हणून वायू नाही, वायू नाही म्हणून वीजघर नाही. २४६ मृत्यूंची सरकारी नोंद आहे. नियोजनात याचा अर्थ असा की पर्मियनचा फीडर (सबस्टेशनमधून ग्राहकांकडे जाणारी लाइन) म्हणजे फक्त ग्राहक नाही, ह्यूस्टनच्या वीजघराचा इंधन-पुरवठाही तोच आहे. यादी आता झाली. पण एकाच फीडरवर गॅस प्लांट आणि क्रिप्टोचा कंटेनर असला तर कापताना वेगळं कसं करणार? म्हणून जोडणी देतानाच फीडर वेगळे ठेवायला हवेत. फुकटात होणारं काम आहे, नंतर केलं तर लाखो डॉलर.

आता ७६५. लांब पल्ल्याच्या लाइनीचं एक गणित आहे जे व्यवहारात फार कमी लोक बोलून दाखवतात. ३४५ केव्हीची तार तापमानाच्या हिशेबाने हजार-दीड हजार मेगावॅट सहज नेते. पण अंतर तीनशे मैल झालं की तार तापायच्या कितीतरी आधी व्होल्टेज आणि स्थिरता हात टेकतात. सुरक्षितपणे जातात ते साधारण चारशे मेगावॅट. त्याच अंतरावर ७६५ केव्हीची एक लाइन दोन हजारांच्या वर नेते. म्हणजे एका ७६५ च्या जागी ३४५ ची पाच-सहा सर्किटं. सिरीज कपॅसिटर (लाइनीची लांबी जणू कमी करणारं उपकरण) लावून ३४५ ला ताणता येतं, पण २००९ मध्ये दक्षिण टेक्सासमध्ये अशाच कपॅसिटर लावलेल्या लाइनीवर एकटे उरलेले पवनप्रकल्प काही क्षणांत दोलायमान होऊन यंत्रांचं नुकसान झालं होतं. पर्मियनच्या भोवती पवनचक्क्याच पवनचक्क्या.

एप्रिल २०२५ मध्ये पीयूसीने पर्मियनच्या आयात-मार्गांसाठी ७६५ निवडलं. टेक्सासमध्ये हा दाब पहिल्यांदाच येतोय. या आराखड्याचा खर्च १३ ते १४ अब्ज डॉलरच्या घरात. राज्यभराचा विचार केला तर एर्कॉटच्या हिशेबाने ३४५ चा पर्याय ३०.७५ अब्ज आणि ७६५ चा ३२.९९ अब्ज. सात-आठ टक्के जास्त देऊन कमी मनोरे, कमी जमीन, कमी गळती आणि पुढच्या वीस वर्षांची जागा मिळते. मला हा निर्णय पटतो. मी महाराष्ट्रातून आलोय म्हणून कदाचित जास्तच पटतो: ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन चालू झाली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. इथल्या बैठकीत कुणी ‘७६५ म्हणजे अननुभवी तंत्र’ म्हणालं की मला हसू आवरावं लागतं.

पण भारताने शिकवलेली एक धोक्याची गोष्टही सांगतो. ७६५ ची लाइन रिकामी असताना स्वतःच कपॅसिटरसारखी वागते, दर किलोमीटरला अडीच-तीन मेगाव्हार उत्पन्न करते. सॅन अँटोनियोजवळच्या हॉवर्डपासून पेकोस काउंटीतल्या सोल्स्टिसपर्यंतचा मार्ग तीनशे मैलांच्या वर आहे. पहिली दोन-तीन वर्षं लोड पुरता आलेला नसताना व्होल्टेज वर चढणार. आपल्याकडे हिवाळ्यातल्या रात्री चढत्या व्होल्टेजमुळे चक्क लाइनी उघड्या ठेवायची वेळ येते. शंट रिअॅक्टर (चढलेलं व्होल्टेज खाली ओढणारी यंत्रं) पहिल्या दिवसापासून, आणि बदलता येणारे घ्या. खर्च वाचवायला ते पुढच्या टप्प्यात ढकलतात, तिथे मी भांडतो.

खर्च कोण देणार? एर्कॉटमध्ये पारेषणाचा खर्च सगळ्या राज्यावर सारखा वाटला जातो, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतल्या प्रत्येकी एका कमाल पंधरा मिनिटांतल्या वाट्यावरून. तेलपंप त्या पंधरा मिनिटांत चालूच असतो, तो पैसे भरतो. क्रिप्टोवाला नेमकी ती चार पंधरा मिनिटं बंद राहतो आणि फुकट सुटतो. सिनेट बिल ६ ने ही पद्धत पुन्हा तपासायला सांगितली आहे. तपासायलाच हवी.

जमिनीचं म्हणाल तर वाळवंट रिकामं दिसतं, असतं मात्र गच्च. जमिनीखाली पाइपलाइनींचं जाळं. लाइन त्यांना समांतर गेली तर पाइपमध्ये व्होल्टेज उमटतं, त्याचा बंदोबस्त वेगळा. वाळूच्या टेकड्यांत एक सरडा राहतो, मे २०२४ मध्ये तो संकटग्रस्त यादीत घातला गेला. आणि मार्ग आखून परवाना मिळेपर्यंत मधल्या दीड वर्षात नेमक्या मनोऱ्याच्या जागी नवा पॅड उगवतो. रिगचा मनोरा दीडशे फुटांच्या आसपास असतो, तारेखाली तो उभा करता येत नाही. आता मी मार्ग आखताना आधी खणण्याच्या परवान्यांची यादी मागवतो, नकाशा नंतर.

शेवटी आउटेज, म्हणजे कामासाठी लाइन बंद ठेवणं. सपाट लोडचा हा सगळ्यात दुष्ट परिणाम. बाकी राज्यात वसंतात आणि शरदात मागणी उतरते, तेव्हा जुनी लाइन बंद ठेवून तार बदलता येते. इथं तो ऋतूच नाही. म्हणून ‘एक लाइन देखभालीला, तेवढ्यात दुसरी पडली’ ही स्थिती इथं रोजची धरून आखावं लागतं, आणि बांधकामाचा क्रमही आधीच ठरवावा लागतो: कुठली लाइन आधी उभी राहिली म्हणजे कुठली बंद करता येईल. गेल्या खेपेला एका १३८ केव्ही लाइनीचं आउटेज तीनदा नामंजूर झालं, तेव्हा आम्ही शेजारून लाकडी खांबांवर तात्पुरती लाइन ओढली आणि काम उरकलं. ती काढायची तारीख आतापर्यंत दोनदा पुढे ढकलली आहे. गेल्या महिन्यात तिच्यावरून जोडणी मिळेल का, असा अर्ज आला.